कॅबिनेटची डावी बाजू

४ मे, शनिवार. सकाळी ९.४०

नवी वही सुरू. मागची सात पानांनंतर थांबली, पण त्यात दोष पेनाचा होता.

निर्णय पक्का: लेकीच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट मी स्वतः रंगवणार. ती २६ तारखेला दुसऱ्या शहरात नोकरीला जाते आहे. चित्रं हलती करायची नोकरी. कॉम्प्युटर सोबत नेणार. आतले भाग तिने स्वतः निवडून, स्वतः जोडलेले आहेत, पण बाहेरचा पत्र्याचा डबा आमचा जुनाच. मूळचा पांढरा, आता जुन्या उशीच्या अभ्र्यासारखा. ती म्हणाली, नवीन कॅबिनेट घेते. मी म्हटलं, घरात मी असताना? आमची ही म्हणाली, म्हणूनच तर.

मी तिकडे लक्ष दिलं नाही. रंग: गडद निळा. वेळ: एक रविवार. उरलेले दोन रविवार हातात.

दुपारी १२.१५

हार्डवेअरच्या दुकानातून स्प्रेचे दोन डबे आणले. दुकानदार फार बोलतो. पत्र्यावर मारायचाय का, आधी पॉलिश पेपरने घासा, मग प्रायमर मारा, मग रंग, आणि मग आठवडाभर हात लावू नका. मी शांतपणे सांगितलं की मी एकोणीस वर्षं चिकटपट्टीच्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळतो. काय कशाला चिकटतं हे मला शिकवू नये. पॉलिश पेपर आणि प्रायमर काउंटरवरच राहिले.

रंगवण्यासाठी मी पत्रा घासून खराब करायचा? आधी ओरखडे पाडायचे आणि मग ते झाकायचे! दुकानदाराला माल खपवायचा असतो, एवढंच.

५ मे, रविवार. सकाळी ८.००

वेळापत्रक: ९ ते ९.२० पुसणे. ९.२० ते १० रंग. १० वाजता चहा. ११ वाजता कौतुक.

सकाळी ११.३०

लेकीने आतलं सगळं काढून जेवणाच्या टेबलावर मांडलं. प्रत्येक स्क्रू औषधाच्या रिकाम्या डब्यांत, वर चिठ्ठ्या, शिवाय फोटो. केवढा तो व्याप. माझ्यावर गेलेली नाही.

मी कॅबिनेट नुसतं पुसलं नाही. लाकडी कपाटांना लावायचं पॉलिश लावून दहा मिनिटं चोळलं. इतकं चकाकलं की त्यात मला माझा चेहरा दिसला. मग पहिला हात मारला.

रंग आधी नीट बसला आणि मग जागोजागी मागे सरकला. पत्र्यावर गोल गोल डोळे उमटले. लेक बराच वेळ बघत होती. तिने विचारलं की कशाने पुसलं. मी सांगितलं. तिने माझ्यासाठी चहा टाकला. भारावली असावी.

पहिल्या हातात असं होतंच. पाया भरताना कुणी खिडक्या मोजत नाही.

६ मे, सोमवार. सकाळी ७.१०

रंग वाळला का हे अंगठ्याने पाहिलं. वाळला नव्हता. आता कॅबिनेटच्या माथ्यावर माझा अंगठा आहे, रेषा मोजता येतील इतका स्पष्ट. बाजूला दुसऱ्या बोटाने खात्री केली. तिथेही वाळलेला नव्हता.

संध्याकाळी ६.३०

कारखान्यात लॅबमधल्या बाईंना सहज सांगितलं. त्यांनी विचारलं, पृष्ठभागाचं काय केलंत? मी म्हटलं, आरशासारखा चकाचक केला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग चष्मा पुसायला लागल्या. वरिष्ठांशी बोलताना माणसं अशीच अवघडतात.

उद्या दुसरा हात.

८ मे, बुधवार

दुसरा हात काल मारला. आज बटणांभोवती लावलेली चिकटपट्टी काढली. पट्टी आमच्याच कारखान्याची. पट्टीबरोबर रंगही आला, सलग, केळीच्या सालीसारखा. खाली पत्रा जसाच्या तसा चकचकीत.

घरातल्या दोघीजणी निराश झाल्या. मी मात्र त्यांना पट्टीची पकड दाखवली. आमचा माल हा असा असतो! एक तुकडा उद्या लॅबच्या बाईंना नेऊन देणार आहे.

९ मे, गुरुवार

लॅबच्या बाईंनी तुकडा ठेवून घेतला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो चौघांना दाखवत होत्या. चौघेही हसत होते. चांगल्या मालाचा आनंद सगळ्यांनाच होतो.

१० मे, शुक्रवार

न्यायाने बोलायचं तर रंगात खोट नाही. आजपर्यंत तो पुढील ठिकाणी पक्का बसला आहे: बाल्कनीची फरशी, माझी डावी चप्पल, घड्याळाची काच, हिची कोरफडीची कुंडी (आणि कोरफड), बाथरूमच्या तीन टाइल्स, माझा अंगठा. टाइल्सवर थिनर चोळला, तारेची घासणी चोळली. टाइल गेली, रंग गेला नाही.

म्हणजे दोष पत्र्याचा.

ही म्हणाली की मग कॅबिनेट राहू दे, टाइल्सच पाठवू लेकीबरोबर. हिचे विनोद हल्ली वाढलेत.

टेबलाचा अर्धा भाग कॉम्प्युटरच्या आतड्यांनी अडवलाय. लेक तशीच उघड्या वायरींवर काम करते. तिला २० तारखेपर्यंत नव्या ऑफिसला कामाचा नमुना पाठवायचाय. आम्ही कोपऱ्यात ताटं घेऊन बसतो. कोशिंबीर सांडेल म्हणून कोशिंबीर बंद आहे.

१२ मे, रविवार. सकाळी १०.००

नवा विचार: आतापर्यंत रंग पातळ पडला. जाड मारायला हवा. जाड थराला स्वतःचं वजन असतं. तो हलणार कसा?

दुपारी १.००

ओघळला.

दुपारी २.३०

ओघळ जागच्या जागी वाळावेत म्हणून हिचं केस वाळवायचं यंत्र लावलं. रंगाला फोड आले. यंत्रालाही थोडा वास येतोय. जागेवर नेऊन ठेवलं. तोंडाकडचा भाग निळा झालाय, पण उजेडात नेलं नाही तर कळत नाही.

दुपारी ४.००

कळलं.

१३ मे, सोमवार

ही कालपासून कमी बोलते आहे. आज जेवताना मात्र एक यादी म्हणून दाखवली. पुस्तकांचं शेल्फ: तीन फळ्यांपैकी दोन. स्वयंपाकघरातला नळ: उलटा उघडतो. लेकीची लहानपणची सायकल: अर्धी लाल.

सायकलवर बोलायला नको होतं. ती अर्धी का राहिली ते मला माहीत आहे. पुढचा अर्धा भाग लाल केला, मग पाठीचं दुखणं, मग वर्षअखेरची गडबड. उरलेली रंगवायला घेतली तोवर पोरीचे पाय लांब झाले होते. ती अर्धी लाल सायकल तिने दोन वर्षं चालवली. एकदाही कुरकुर केली नाही. मैत्रिणींना सांगायची, ही मुद्दामच अशी आहे.

म्हणून हे कॅबिनेट. इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. ती परक्या शहरात, परक्या खोलीत बसणार. तिच्या टेबलाजवळ माझ्या हातचं, पूर्ण झालेलं, एक तरी काही असावं. बस्स.

संकल्प: रोज सकाळी सहाला उठून एक हात.

१४ मे, मंगळवार

उठलो नाही. रात्री उकाड्याने झोप नाही.

लेकीने विचारलं की डावी बाजू ती तिच्या खोलीत नेऊ का. डावा पत्रा चार स्क्रू काढले की वेगळा निघतो. दिव्याखाली निळा कसा दिसेल ते बघायचंय म्हणाली. नेऊ दे. तेवढाच तिला माझ्या कामात रस.

१५ मे, बुधवार

लेकीच्या खोलीतून दिवसभर खर्र खर्र आवाज. दार बंद. ती चित्र खोडत असणार, नमुन्याचं टेन्शन आलंय बिचारीला. जेवायला आली तेव्हा नखांत करडी पूड होती. पेन्सिलीची. मी म्हटलं, इतकं खोडू नये, पहिली रेघ आत्मविश्वासाने मारावी, माझ्याकडे बघ. तिने माझ्याकडे बघितलं. ही पाणी पिताना एकदम ठसकली.

इथे एक नोंद करून ठेवतो. या मुलीला वाचायला मी शिकवलं. मी कारखान्यात नवा होतो, ती पाच वर्षांची. घरात सामान भरायला कारखान्याची रिकामी खोकी आणायचो. रविवारी खोक्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवून ती एकेक अक्षर लावायची. एके दिवशी आख्खं वाक्य तिने एकटीने वाचलं. कुठलं ते आता आठवत नाही, पण ऊर भरून आला होता. बाप मुलांना काय काय देत असतो.

१८ मे, शनिवार

डावा पत्रा परत आला. विचित्र दिसतो. माझे डोळे, ओघळ, फोड सगळं गायब, आणि पत्रा सगळीकडून सारखा करडा. मी बराच विचार केला. धातू हवेशी प्रक्रिया करतो हे शाळेत शिकलेलं आठवलं. बाकीच्या बाजू बाल्कनीत होत्या, ही खोलीत. खोलीतल्या हवेत तो रंग पचवून करडा पडला असणार.

लेकीला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, हो बाबा, तसंच असेल.

१९ मे, रविवार

आज डावी बाजू आणि बाकीच्या बाजू एकदम रंगवल्या. लेक शेजारी उभी होती. तिने डाव्या बाजूपुरता हट्ट धरला: डबा वीतभर लांब धरा, हात थांबवू नका, नुसतं धुकं पडू दे, आता थांबा, पंधरा मिनिटं झाली की पुन्हा. पोर चार दिवसांनी जाणार, म्हणून ऐकलं. तीन वेळा धुकं मारलं. मध्ये मध्ये नुसतं बसून राहिलो. तिने तिच्या नव्या ऑफिसबद्दल सांगितलं. तिथे कुणीच ओळखीचं नाही, थोडी भीती वाटते म्हणाली. मी म्हटलं, त्यात काय भ्यायचं. मग थोड्या वेळाने म्हटलं, मलाही वाटते. छान गेली सकाळ.

बाकीच्या बाजूंना माझ्या पद्धतीने चौथा हात. सणसणीत.

२० मे, सोमवार

(वर चार दिवसांनी लिहिलंय, सात हवं होतं. मनात घाई झाली.)

लेकीने नमुना पाठवला. टेबलावर उद्यापासून कोशिंबीर.

२३ मे, गुरुवार

कॅबिनेट पूर्ण! लेकीने आतलं सगळं परत बसवलं, एकही स्क्रू उरला नाही. मी जोडलेल्या वस्तूंतून नेहमी दोन-तीन उरतात, ते एक वेगळंच कसब आहे.

दिवाणखान्यात मधोमध ठेवून दिवे लावले. निळंशार. लांबून बघायचं. जवळून वरच्या बाजूला थोडा अंगठा दिसतो. लेकीने अंगठ्यावरून हळूच बोट फिरवलं आणि म्हणाली, हा राहू दे. ही सुद्धा चांगलं झालंय म्हणाली. पंचवीस वर्षांत दुसऱ्यांदा.

२५ मे, शनिवार

बांधाबांध. लेकीचं म्हणणं, रंग अजून कच्चा आहे, कागद नको, सुती चादरीत सैल गुंडाळू. मी हसलो. पाठवणी हे माझं क्षेत्र आहे. एकोणीस वर्षांत माझ्या हातून गेलेलं एकही खोकं फुटून परत आलेलं नाही. वर्तमानपत्रांचे सहा थर, घट्ट, वरून आमची पट्टी, मग कारखान्याचं मजबूत खोकं. मी त्यावर उभा राहून दाखवलं.

२६ मे, रविवार. सकाळी ७.००

निघाली.

सकाळी ११.००

घरात फार जागा झाली आहे. टेबल पूर्ण मोकळं. ही टेबलाच्या कोपऱ्यातच ताट घेऊन बसली. मीही.

२७ मे, सोमवार. संध्याकाळी ५.४५

फोन आला. पोचली, खोली बरी आहे, खिडकीतून झाड दिसतं. कॅबिनेटचं मी तीनदा विचारलं तेव्हा सांगितलं. कागद सोडवले तर रंग कागदांबरोबर निघाला. वर, समोर, उजवीकडे, सगळा. वर्तमानपत्राची पानं म्हणे सुंदर निळी झालीत. माथ्यावर जो थोडा रंग राहिलाय, त्यावर हवामानाचा अंदाज उलटा छापून आलाय. अंगठाही कागदाबरोबर गेला.

ही ऐकत होती. यादी म्हणून दाखवली नाही, हे जास्त लागलं.

पण! डावी बाजू तशीच आहे. तिला ओरखडाही नाही. नखाने खरवडून पाहिलं, पट्टी लावून ओढून पाहिली, हलत नाही म्हणाली. टेबलावर तीच बाजू तिच्याकडे वळवून ठेवली आहे.

संध्याकाळी ७.१५

आता विचार करता सगळं स्पष्ट होतं. वीतभर अंतर, न थांबणारा हात, नुसतं धुकं. हात कुणाचा होता? माझा. म्हणजे पद्धत माझ्या हातात उतरली होती, उरलेल्या बाजूंना वेळ कमी पडला. बाहेरचं लोखंडी फाटक याच पद्धतीने रंगवणार. वहीत शेवटून वेगळी पानं घातली आहेत, मथळा: पत्र्यावर रंग बसवण्याची माझी पद्धत.

२९ मे, बुधवार

फाटकासाठी रंग आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेलो. थोड्या रुबाबातच गेलो. दुकानदाराला म्हटलं की घासणं नाही, प्रायमर नाही, तरी डावी बाजू दगडासारखी.

तो म्हणाला, ती होणारच. तुमच्या लेकीने चौदा तारखेला पॉलिश पेपर नेला होता ना, आधी जाडा, मग बारीक. आणि प्रायमरचा करडा डबा. आधी पत्र्यावरचं पॉलिश साबणाच्या पाण्याने नीट काढून टाक, असं मी सांगायला लागलो तर म्हणाली, ते मला माहीत आहे काका.

मी म्हटलं, हो हो, मीच पाठवलं होतं तिला.

तो हो म्हणाला. चांगला माणूस आहे. पॉलिश पेपर न मागता दिला.

२९ मे. दुपारी ३.००

शेवटची पानं फाडली.

३० मे, गुरुवार. संध्याकाळी ६.२०

लेकीला फोन केला. आधी जेवलीस का वगैरे. मग विचारलं की मला सांगितलं का नाहीस. ती म्हणाली की चारही बाजू घासल्या असत्या तर कॅबिनेट तिचं झालं असतं. तिला मी रंगवलेलं हवं होतं. फक्त एक तरी बाजू टिकावी, म्हणून एक घासली. रंग तर सगळीकडे तुम्हीच मारलात बाबा. बाकीच्या तीन पुढच्या सुट्टीत घेऊन येते, दोघं मिळून घासू. तोवर फाटकावर हात बसवा.

मग काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं की हे घासण्याचं तुला कुणी शिकवलं.

ती हसली. म्हणाली, तुम्हीच की. तुमच्या खोक्यावर छापलंय. मी पहिलं वाचलेलं वाक्य तेच.

संध्याकाळी ६.५०

माळ्यावरून एक खोकं काढलं. अशी हजारो माझ्या सहीने बाहेर गेली. डाव्या बाजूला, बाणाच्या खाली, बारीक अक्षरांत. बोट ठेवून वाचलं.

चिकटवण्यापूर्वी पृष्ठभाग स्वच्छ, कोरडा व किंचित खरखरीत करून घ्यावा. तेलकट किंवा गुळगुळीत पृष्ठभागावर पकड मिळत नाही.

आता आठवलं. तिने हे वाचलं, मी शाबास म्हणालो, उचलून घेतलं, हिला हाक मारली. तेव्हा तिने माझ्या खांद्यावरून विचारलं होतं, बाबा, खरखरीत म्हणजे काय? आणि असं का करायचं?

मी म्हणालो होतो, मोठी झालीस की कळेल.

तिला कळलं. मला येत्या महिन्यात त्रेपन्नावं लागतं.